लगेच लिहायचं की दहा वर्षांनी?

प्रश्न असा आला आहे: पूर, दंगल, संप, साथ असं काही डोळ्यांदेखत घडत असताना लेखकानं, नटानं, शाहिरानं लगेच काही करावं का? की सगळं निवळेपर्यंत गप्प बसावं? आणि लोक रडत असताना त्यांना हसवायला जाणं बरं दिसतं का?

मी ऐंशीच्या दशकापासून पथनाट्यं आणि लोकनाट्यं लिहिते, बसवते. नाक्यावर, चाळीच्या अंगणात, गिरणीच्या गेटवर, पत्र्याच्या शेडमध्ये, जागा मिळेल तिथं प्रयोग केले. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. तातडीचं लिखाण आणि उशिराचं लिखाण या दोन वेगळ्या जाती आहेत. तातडीचं लिखाण लोकांच्या ओळखीच्या, तयार साच्यातच होतं. उशिराचं करायचं तर तो साचा मोडावा लागतो आणि मोडायला वेळ लागतो. नवख्या लेखकाची फजिती बहुतेक वेळा इथंच होते. तो आठवड्याभरात कादंबरीचा आव आणतो, नाहीतर दहा वर्षांनी घोषणा लिहितो.

१९४३ चा बंगालचा दुष्काळ घ्या. वीस ते तीस लाख माणसं गेली. युद्धासाठीची खरेदी, साठेबाजी, भडकलेले भाव, ब्रह्मदेशातून बंद झालेला तांदूळ आणि सरकारची बेपर्वाई, या सगळ्यांनी मिळून त्यांना मारलं. खेड्यांतून कलकत्त्यात आलेले लोक दारोदार ‘फ्यान’ मागत फिरत होते. फ्यान म्हणजे भात शिजवून निथळलेलं पाणी, आपली पेज म्हणा. भात मागून कुणी देणार नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं. चित्तप्रसाद नावाचा चित्रकार तेव्हा मिदनापूर भागात पायी हिंडला आणि काळ्या शाईनं माणसं रेखाटत गेला. त्याची ‘हंग्री बेंगॉल’ ही पुस्तिका निघाली आणि सरकारनं प्रती जप्त करून जाळल्या. काळ्या रेघांची चित्रं सरकारला जड गेली, यातच त्या कामाची पावती आली.

त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत इप्टाची, म्हणजे ‘इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन’ या नाट्यसंघटनेची, स्थापना झाली होती. बंगालची पथकं गाणी म्हणत, नाच करत देशभर मदतनिधी गोळा करत फिरली. आणि इथं मुंबईत अण्णाभाऊ साठे यांनी ‘बंगालची हाक’ हा पोवाडा रचला. आता विचार करा, वाटेगावहून आलेला, गिरणीत राबलेला, शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेला हा माणूस. बंगाली त्याची भाषा नव्हे, ऐकणाऱ्या कामगारांचीही नव्हे. तरी ती हाक पोचली, कारण साचा पोवाड्याचा होता. पोवाडा कसा ऐकायचा हे श्रोत्याला आधीच ठाऊक असतं. डफावर थाप पडली की तो सरसावून बसतो. मागे साथ करणारे झीलकरी ‘जी जी’ धरतात तेवढ्यात शाहिराला पुढची ओळ जुळवायला श्वास मिळतो, आणि श्रोत्याला मागची ओळ पचवायला. मधे गद्यात चार वाक्यं बोलून ताजी बातमी घुसवता येते. काल रात्री काही घडलं तर आजच्या कार्यक्रमात ते कडवं बदलतं. नेपथ्य लागत नाही, तालीम फारशी लागत नाही. तातडीच्या कामाला हेच सगळं हवं असतं.

पुढे १९४४ मध्ये अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. त्यांचं खरं कौशल्य मला कशात दिसतं सांगू? त्यांनी तमाशाचा साचा घेतला, पण जसाच्या तसा नाही. गणात, म्हणजे सुरुवातीच्या वंदनात, गणपतीच्या जागी मायभूमीला आणि शिवरायांना वंदन आलं. कृष्ण आणि गवळणींच्या थट्टेचा भाग, म्हणजे गवळण, काढून टाकली. हसवणारा सोंगाड्या मात्र ठेवला, बतावणी म्हणजे विनोदी संवाद ठेवले, वग म्हणजे मुख्य कथानाट्य ठेवलं. म्हणजे जे लोकांना हसवतं आणि धरून ठेवतं त्याला हात लावला नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत मुंबई सरकारनं तमाशावर निर्बंध आणले तेव्हा हाच ऐवज ‘लोकनाट्य’ म्हणून उभा राहिला. बंदी आली की कलावंत नाव बदलतो, वेष बदलतो, हे आपल्याकडं जुनंच आहे. कृ. प्र. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ हे नाटक १९०७ मध्ये आलं. कीचकात लोकांना व्हाइसरॉय राहिलेला लॉर्ड कर्झन दिसला, भीमात जहाल दिसले, युधिष्ठिरात मवाळ. महाभारताचा पेहराव असल्यामुळं नाटक दोन-तीन वर्षं गाजत राहिलं आणि १९१० मध्ये सरकारनं ते बंद केलं. तोवर ज्यांना कळायचं त्यांना कळून गेलं होतं.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली ‘माझी मैना गावावर राहिली’ ही अण्णाभाऊंची छक्कड, म्हणजे लावणीच्या ढंगाचं गाणं, मी लिहायला शिकणाऱ्यांना आवर्जून ऐकायला सांगते. पोटासाठी मुंबईला आलेला गडी गावाकडं राहिलेल्या बायकोच्या आठवणीनं झुरतोय. बराच वेळ तेवढंच चालतं: तिचं रूप, निरोपाची घडी, मुंबईचा झगमगाट आणि त्याच मुंबईतली उपासमार. ऐकणारा प्रत्येक गिरणी कामगार मनातल्या मनात स्वतःच्या घरी जाऊन पोचलेला असतो. राजकारण येतं ते त्यानंतर. मैना जशी दूर राहिली, तसा बेळगाव-कारवारचा मुलूख दूर राहिला. पहिल्या ओळीपासून सीमाप्रश्न सांगितला असता तर ते भाषण झालं असतं, आणि भाषणं करायला आचार्य अत्रे होतेच की! अत्र्यांनी १९५६ मध्ये ‘मराठा’ हे दैनिक काढलं आणि रोजच्या रोज तलवार चालवली. तेही तातडीचंच लिखाण. फरक एवढाच की ‘मराठा’ दुसऱ्या दिवशी जुना व्हायचा आणि मैना अजून गावावर आहे.

आता दुसरी बाजू. ज्या हातानं ‘बंगालची हाक’ लिहिली त्याच हातून १९५९ मध्ये ‘फकिरा’ ही कादंबरी आली. त्यातही दुष्काळ आहे, उपाशी माणसं आहेत, धान्य लुटून गावाला जगवणारा नायक आहे. पण तो दुष्काळ लेखकाच्या गावचा आणि आदल्या पिढीचा, लहानपणापासून कानावर पडलेला, कितीतरी वर्षं मनात मुरलेला. पोवाड्यात बंगालचा शेतकरी हा ‘शेतकरी’ असतो. तेवढं त्या वेळी पुरतं, कारण पदर पसरून पैसे गोळा करायचे असतात. फकिरा मात्र एक माणूस आहे, त्याला आई आहे, हट्ट आहे, भीती आहे. एकाच लेखकाची ही दोन कामं शेजारी ठेवून पाहिली की तातडी आणि उशीर यांतला फरक कळतो. यातलं एक श्रेष्ठ आणि एक कनिष्ठ असं मी मानत नाही. बंगालला कादंबरीची वाट पाहायला सवड नव्हती.

मुंबईच्या गिरणी संपाचंही तसंच. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. नुसता विरत गेला. त्या दिवसांत गेटसभांना गाणी होती, पथनाट्यं होती, आम्हीही करत होतो. त्यातलं आज काहीही उरलेलं नाही, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. ती त्या संध्याकाळपुरती होती. लोकांनी एकत्र बसावं, घरी एकेकट्यानं कुढू नये, एवढंच त्यांचं काम. संपाचं खरं नाटक आलं १९९७ मध्ये, जयंत पवारांचं ‘अधांतर’. त्यात मोर्चा नाही. चाळीतली एक खोली आहे, गिरणी कामगाराचं घर, आणि त्या घरातली मोठी झालेली मुलं. एकाला लेखक व्हायचंय, एक गुंडगिरीत ओढला गेलाय. संपानं गिरण्यांचं काय केलं हे १९८३ मध्येही सांगता आलं असतं. पण आई-मुलांचं नातं कसं पोखरलं गेलं, हे ती मुलं पंचविशीची झाल्याशिवाय दिसणारच नव्हतं. पंधरा वर्षं ही त्या नाटकाची गरज होती, लेखकाचा आळस नव्हे. बंगालमध्ये बिजन भट्टाचार्यांच्या ‘नबान्न’ या दुष्काळावरच्या नाटकाला मात्र वर्षभरच लागलं. ऑक्टोबर १९४४ मध्ये ते रंगमंचावर आलं. मागे गोणपाटाचा पडदा, आणि एका प्रसंगात श्रीमंताघरच्या लग्नाच्या मांडवाबाहेर उकिरड्यावरच्या उष्ट्यासाठी माणूस कुत्र्याशी झोंबतोय. तेव्हा वर्षांचा हिशेब काही छापील नियम नाही. आपल्याला एखादी गोष्ट दिसायला किती वेळ लागतो, एवढंच तो सांगतो.

क्वचित एखादं काम दोन्हीकडं बसतं. हुंडाबळी आणि मुलगी नकोशी असणं यावर स्त्रीमुक्ती संघटनेनं १९८३ मध्ये ‘मुलगी झाली हो’ आणलं, ज्योती म्हापसेकरांचं. लोकसंगीताचा तयार साचा होता, विषय तातडीचा होता, आणि तरी वर्षानुवर्षं प्रयोग होत राहिले. विषय मिटला असता तर नाटकही थांबलं असतं. तो मिटला नाही.

हसवण्याच्या प्रश्नाकडं येते, कारण तोच सगळ्यात जास्त लोक विचारतात.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक उशिरा झोपलेले. जवळजवळ आठ हजार माणसं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. काही महिन्यांनी आमचं पथक औसा आणि उमरगा तालुक्यांतल्या पत्र्याच्या शेडमध्ये गेलं. भूकंपावर नाटक करून दाखवायचा प्रश्नच नव्हता. ज्यांनी भिंत अंगावर घेतलीय त्यांना भिंत पडताना काय दाखवणार? आधी आम्ही नुसते बसलो. बायका बोलायला लागल्या, आणि बोलणं फिरून फिरून एकाच गोष्टीवर यायचं: नवी घरं. पुनर्वसनात घरं जमिनीच्या हिशेबानं मिळणार होती. भूमिहीन आणि अगदी थोडी जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४५०, सात हेक्टरच्या वर असलेल्यांना ७५०. एक म्हातारी म्हणाली, “धरणीनं सगळ्यास्नी एकाच मापानं पाडलं, आता बांधताना टेप आणलाय व्हय?”

त्या वाक्यावर आमची बतावणी उभी राहिली. टेप घेऊन आलेला साहेब, त्याचा पुढं पुढं करणारा शिपाई, आणि सोंगाड्या त्यांना विचारतोय, “साहेब, मी मेलो असतो तर खड्डा किती फुटांचा मिळाला असता?” आम्हाला धाकधूक होती. शेडमध्ये क्षणभर काहीच आवाज आला नाही, आणि मग सगळ्यात आधी बायकाच हसल्या. चांगल्या खळखळून. नंतर दोन-तीन गावांत त्यांनीच आम्हाला नेलं.

तेव्हा माझं म्हणणं असं: संकटात हसू चालतं, हवंच असतं, पण ते कुणावर आहे हे आधी ठरवा. टेपवाल्या साहेबावर, रेशनच्या काट्यावर, दौऱ्यावर येऊन फोटो काढून जाणाऱ्या पुढाऱ्यावर बिनधास्त हसा. अण्णाभाऊंच्या ‘लोकमंत्र्यांचा दौरा’ या वगाचं नाव पाहिलं तरी रोख कुठं होता ते कळेल. ज्याचं घर गेलंय त्याच्या भाषेवर, भाबडेपणावर, घाबरण्यावर कधीच नाही. त्याच्यावर हसायचा हक्क फक्त त्याचा स्वतःचा. सोंगाड्या हे काम फार नेमकं करतो, कारण तो स्वतः त्यांच्यातलाच एक गरीब, मार खाणारा माणूस असतो आणि राजालाही उलट विचारू शकतो. आपल्या पूर्वजांनी ही सोय करून ठेवलीय, ती वापरा.

संकटाशी काहीच संबंध नसलेल्या करमणुकीचं काय? मला पूर्वी अशा करमणुकीचा राग यायचा. आता येत नाही. १९४३ मध्येच बॉम्बे टॉकीजचा ‘किस्मत’ आला, पाकीटमाराची गोष्ट. कलकत्त्याच्या रॉक्सी चित्रपटगृहात तो तीन वर्षांहून जास्त काळ चालला. म्हणजे ज्या शहरात माणसं फ्यान मागत होती त्याच शहरात लोक तिकीट काढून अशोक कुमारला बघत होते. हे वाचून नाक मुरडणं सोपं आहे. पण याच चित्रपटात कवी प्रदीप यांनी ‘दूर हटो ऐ दुनियावालो’ लिहिलं होतं. त्यात जर्मन आणि जपानी यांची नावं घातल्यामुळं सेन्सॉरनं ते युद्धाच्या बाजूचं गाणं समजून सोडून दिलं. प्रेक्षकांना कोण दूर हटायला हवंय हे नीट कळलं. १९४२ च्या ‘चले जाव’ चळवळीचे नेते तुरुंगात असताना अंधारातल्या हॉलमध्ये हजार माणसं एकदम ते ऐकत होती. कुठली करमणूक पळवाट आहे आणि कुठली नाही, हे बाहेर उभं राहून ठरवता येत नाही. युद्धाच्या दिवसांत तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकर सीमेवरच्या जवानांपुढं नाचल्या. त्यांच्या लावणीत युद्ध कुठं होतं? नसेल. त्या जवानांना तेच तर हवं असणार.

आणि कधी कधी लेखकानं काहीच लिहू नये, फक्त उभं राहावं. डिसेंबर १९७५, आणीबाणी सुरू होऊन सहा महिने झालेले, कऱ्हाडला मराठी साहित्य संमेलन. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्रातले मंत्री. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत. सरकारविरोधी आंदोलनाचे नेते जयप्रकाश नारायण तेव्हा आजारी होते. दुर्गाबाईंनी त्या व्यासपीठावरून त्यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगितलं, आणि मंडप उठून उभा राहिला. कविता नाही, नाटक नाही. लोककथांचा अभ्यास करणारी एक बाई नको त्या वेळी नको ते नाव मोठ्यानं घेते, एवढंच. पुढं त्यांना अटक झाली. आणीबाणीवर नंतर खूप लिहिलं गेलं, बरंचसं ती उठल्यावर. त्यातलं किती वाचनात उरलं ते तुम्हीच आठवून पाहा. लिहिण्याची किंमत ते कधी लिहिलं यावर काही वेळा अवलंबून असतेच, हे मी उशिराच्या लिखाणाची बाजू घेऊनही म्हणते.

एक गोष्ट या चर्चेत नेहमी राहून जाते. कलावंत संकटाला ‘प्रतिसाद’ देतो असं आपण म्हणतो तेव्हा तो जणू कोरड्या काठावर उभा असतो. प्रत्यक्षात पहिला बुडतो तोच. मार्च २०२० आठवा. पुण्याजवळच्या नारायणगावात पाडव्याच्या सुमारास तमाशा फडांच्या, म्हणजे तमाशा मंडळांच्या, राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले तिथं येतात, फड ठरवतात, सुपारी देतात. चैत्र-वैशाखातल्या जत्रांवर फडाचं वर्ष निघतं. त्या वर्षी गुढीपाडवा होता २५ मार्चला, आणि देशभरच्या टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच. एका मोठ्या फडात शंभराच्या वर माणसं असतात. हंगामाआधी मालकानं सावकाराकडून पैसे उचललेले असतात आणि त्यातून कलावंतांना उचल दिलेली असते. जत्रा रद्द झाल्या, पण ते व्याज चालूच राहिलं. पुढचं वर्षही तसंच गेलं. शहरातली नाट्यगृहं नोव्हेंबर २०२० मध्ये निम्म्या खुर्च्यांवर उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली, ती ऑक्टोबरपर्यंत. नाटकवाल्यांच्या हाती निदान मालिका होत्या, मोबाइलवरचे कार्यक्रम होते. ढोलकीवाला आणि गवळणीत मावशीचं काम करणारा नट शेतमजुरीला गेले, भाजी विकायला बसले. त्याच वेळी समाजमाध्यमांवर ‘या काळात कलेनं आशा द्यावी’ अशा ओळी फिरत होत्या. मला तेव्हा विचारावंसं वाटे, आशा द्यावी ती कुणी आणि जेवून की उपाशी? राष्ट्रपतींच्या हातून पुरस्कार घेतलेल्या विठाबाईंचे शेवटचे दिवसही हलाखीत गेले, आणि आज त्यांच्या नावानं सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं.

म्हणून तुम्ही लिहिणारे असाल आणि पुढच्या संकटात काही करायचं मनात असेल, तर पहिल्या दिवशी मतं लिहू नका. माणसांत जाऊन बसा. त्यांचं बोलणं कशावर फिरून फिरून येतंय ते टिपा. किल्लारीत टेप होता, तुमच्याकडं पंचनाम्याचा कागद असेल, बंद पडलेलं आधार केंद्र असेल. ऐकीव बातमी संहितेत घालू नका. दंगलीच्या दिवसांत तर नाहीच. शाहिराच्या तोंडची अफवा वर्तमानपत्रातल्या अफवेपेक्षा लांब जाते, कारण ती चालीत असते. खऱ्या माणसाची कहाणी घेत असाल तर नाव-गाव बदला आणि त्याला आधी ऐकवा. त्यानं एखादी ओळ काढ म्हटलं तर काढा, वाद घालू नका. पथनाट्य वीस मिनिटांच्या वर नेऊ नका. उभ्या प्रेक्षकाचे पाय दुखतात. पुढं कधीतरी कादंबरी किंवा नाटक लिहायचं असेल तर त्या दिवसांच्या वह्या जपून ठेवा. त्यात भावना लिहू नका, त्या आपोआप आठवतात. भाव, तारखा, कोण काय म्हणालं, शेडचा पत्रा कुठल्या रंगाचा होता, हे लिहा. तेच विसरतं.

आणि काम एखाद्या फडाबरोबर, कलापथकाबरोबर करत असाल, तर ‘समाजकार्य आहे’ म्हणून त्यांना फुकट बोलावू नका. संस्थेला मंडपवाला, जनरेटरवाला, छापखानेवाला फुकट येत नाही, ढोलकीवाल्यानंच का यावं? मानधन किती आणि कोण देणार, हे संहितेचं वाचन ठेवायच्या आधी बोलून घ्या.